‘आत्या, दुकान आलं!’

ठाण्याच्या नौपाड्यातून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय 33, चित्रकार. तिचा मोठा भाऊ प्रोग्रॅमर. 2022 मध्ये त्याने ऐरोलीतली नोकरी सोडली आणि दोघांनी मिळून लहान मुलांसाठी मराठी ॲप आणि छोटे गेम बनवायचा स्टुडिओ काढला. जागा वडिलांची, गोखले रोडच्या मागच्या गल्लीतली जुनी खोली, त्यामुळे भाडं नाही. पगारी माणसं दोन: एक नवखा प्रोग्रॅमर, एक ॲनिमेशन आणि आवाजाचं काम बघणारा मुलगा. त्यांचं मुख्य ॲप अक्षरं गिरवायचं. खाडीतला एक रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चोचीने अक्षर काढून दाखवतो आणि मूल त्याच्या मागोमाग बोट फिरवतं. ॲप फुकट आहे. रोज साधारण 2,200 मुलं ते उघडतात. जाहिरातींचे महिन्याला साडेबारा हजार मिळतात आणि खर्च होतो 1 लाख 13 हजार. आधी दादाची शिल्लक संपली, मग वडिलांनी पीएफमधले 7 लाख दिले. त्यातले 3 लाख 40 हजार उरले आहेत.

दादा म्हणतो, जाहिराती दुप्पट करू, ‘व्हिडिओ बघ आणि बक्षीस घे’ असंही टाकू. ही म्हणते, अजिबात नाही. तिच्या चार वर्षांच्या भाचीने, म्हणजे दादाच्याच मुलीने, परवा फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘आत्या, दुकान आलं, बंद कर.’ पक्ष्याच्या जागी जाहिरात आली की ती त्याला ‘दुकान’ म्हणते.

दरम्यान महापे इथल्या एका कंपनीने काम देऊ केलं आहे: एकाच साच्यातले 12 रंग जुळवायचे गेम, सहा महिने, एकूण 9 लाख. आगाऊ 15 टक्के, उरलेले काम पोचल्यावर 60 दिवसांनी. अट अशी की या कामात जे काही वापरलं जाईल ते सगळं कायमचं त्यांचं.

ती विचारते: ‘मुलांच्या ॲपमधून पैसे काढणं मला चोरीसारखं वाटतं, पण दुसऱ्यांचे गेम बनवायला गेलो तर आम्ही मजूरच झालो. दिवाळीपर्यंत नक्की टिकू. तोपर्यंत काही तरी होईल असं वाटतं. दादाशी गेले तीन आठवडे कामापुरतंच बोलणं आहे. काय करू?’

*

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. पत्रात भावना भरपूर आहेत आणि आकडेही आहेत, पण दोघांची गाठ कुठेच पडलेली नाही. ती आधी घालू.

खर्च 1 लाख 13 हजार, मिळकत साडेबारा हजार. म्हणजे दर महिन्याला खिशातून एक लाख जातात. शिल्लक 3 लाख 40 हजार. पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. तुम्ही दिवाळीपर्यंत टिकणार नाही आहात. गणपती येतील तेव्हा डबा रिकामा असेल. हे तुम्हाला कळत नाही असं नाही, ‘नक्की’ हा शब्द आपण बहुतेक वेळा नक्की नसतानाच लिहितो. पण ज्या भांडणात तुम्ही दोघं तीन आठवडे अडकला आहात ते साडेबारा हजारांचं आहे. दादाचं सगळं ऐकलं, जाहिराती दुप्पट केल्या आणि एकाही मुलाने कंटाळून ॲप काढून टाकलं नाही, असं धरलं तरी पंचवीस हजार होतील. खड्डा लाखाचा आहे. म्हणून जाहिरातींचा प्रश्न नीतीचा आहे की व्यवहाराचा, यावर इतकं तापायचं कारणच नाही. तो व्यवहार म्हणूनही चालत नाही.

आणि का चालत नाही, तेही दादाला ठाऊक असायला हवं. मोठ्यांच्या गेममध्ये जाहिरातीला भाव मिळतो तो माणसाची माहिती घेऊन, त्याने काल काय शोधलं ते बघून जाहिरात दाखवता येते म्हणून. लहान मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअर हे करू देत नाही. फोनचा जाहिरात-ओळख क्रमांक पुढे पाठवायचा नाही, जाहिराती फक्त त्यांच्या कौटुंबिक धोरणात बसणाऱ्या पुरवठादारांकडूनच घ्यायच्या, पडदा अडवणारी जाहिरात पाच सेकंदांनी बंद करता आली पाहिजे, असे नियम आहेत. त्यामुळे भाव मुळातच पडलेला. तुम्हीच लिहिलं आहे की हजार वेळा जाहिरात दिसली की 38 रुपयांच्या आसपास मिळतात. हा भाव तुम्ही दोघांनी कितीही घासाघीस केली तरी वाढणार नाही.

शिवाय आपला कायदा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे 18 वर्षांखालची कोणीही व्यक्ती. अमेरिकेच्या कायद्यात ही रेषा 13 वर आहे, आपल्याकडे 18. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. मुलांबाबतची कलमं मोडली तर दंड 200 कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुमच्यासारख्या चार माणसांच्या खोलीवर कोणी 200 कोटी लावणार नाही, मान्य. पण गेल्या वर्षी कुठून तरी उचलून ॲपमध्ये चिकटवलेली एखादी आकडेवारी गोळा करणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, काय काय बाहेर पाठवते आहे, हे तुमच्यापैकी एकाने तरी उघडून बघितलं आहे का? मुलांचं ॲप करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करावं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माहिती घ्यायचीच नाही. नाव नको, ईमेल नको, प्रगतीचा तक्ता फोनमध्येच राहू दे.

(तुमच्या बाबांनी टीव्हीवर ‘गेमवर बंदी’ ऐकून तुम्हाला तीन फोन केले, हे वाचून हसू आलं. त्यांना सांगा, ऑगस्ट 2025 चा तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. ‘ळ’ गिरवण्यावर नाही.)

आता तुमच्याकडे वळते, कारण दादाची बाजू मोडणं सोपं होतं.

तुम्ही लिहिता, मुलांच्या ॲपमधून पैसे काढणं चोरीसारखं वाटतं. हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं. तुमच्या ॲपमधून पैसे तर आजही निघत आहेत. फरक इतकाच की ते आईबापांनी बघून, ठरवून दिलेले नाहीत. ते तुमच्या भाचीच्या बोटातून निघतात. चार वर्षांच्या मुलीचं बोट तो बारीकसा फुलीचा चौकोन चुकवतं, जाहिरातीवर पडतं, पक्षी नाहीसा होतो आणि ‘दुकान येतं’. त्या चुकलेल्या बोटाचे काही पैसे तुमच्या खात्यात जमा होतात. तुम्हाला ‘फुकट’ हा शब्द स्वच्छ वाटतो आणि ‘किंमत’ हा मळका. मला उलट वाटतं. ज्याची किंमत दारावर लिहिलेली असते तिथे आई निदान थांबून विचार करते, घ्यायचं की नाही.

तुम्ही मुलांची ॲप बनवणाऱ्या टोका बोकाचं उदाहरण दिलं आहे, ‘असं काहीतरी करायचं होतं’ म्हणून. स्वीडनच्या त्या स्टुडिओने सुरुवातीची ॲप कशी विकली ते आठवा. पैसे घेऊन विकली, आत जाहिराती न ठेवता. त्यांच्या मागे मोठं प्रकाशनगृह उभं होतं आणि पुढे 2016 मध्ये कॅनडाच्या स्पिन मास्टरने कंपनी विकत घेतली, हे सगळं तुमच्या नशिबी नाही, ठीक. पण तुमचं दैवतसुद्धा दारावर किंमत लावून बसलं होतं.

‘मराठी पालक पैसे देत नाहीत’ हे तुमच्या पत्रात चार ठिकाणी येतं, वेगवेगळ्या शब्दांत. तुम्ही कधी मागितले होते का? पत्रात तरी नाही. मी 2003 पासून आठेक वर्षं सानपाड्याला शैक्षणिक सीडी काढायचं छोटं काम चालवलं. स्टेशनच्या बाहेर एक गाळा, तीन संगणक, पावसाळ्यात दोन. पाढे आणि बडबडगीतांची आमची सीडी 150 रुपयांना होती. वह्या-पुस्तकांच्या दुकानात ती काउंटरवर उभी असायची आणि बाया शाळेची यादी पुरी करताना शेवटी ती उचलायच्या. भाव करायच्या, पण उचलायच्या. मे महिन्यात नाही, जून-जुलैत. आम्हाला दोन वर्षं लागली हे कळायला की आम्ही सुट्टीत खेळण्यासाठी विकतो आहोत आणि आया ती शाळेच्या सामानात धरताहेत.

काळ बदलला, सीडी गेली, फोनवर सगळं फुकट मिळायची सवय लागली, हे मला दिसतं. म्हणून मी ‘पालक नक्की देतील’ असं म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की साडेबारा हजार म्हणजे किती पालक, ते मोजा. समजा पूर्ण ॲपची एकदाच घ्यायची किंमत 199 ठेवली. त्यातून कर गेला, स्टोअरचा वाटा गेला (वर्षाला 10 लाख डॉलरच्या आत कमाई असणाऱ्यांना प्ले स्टोअर आणि ॲपल दोघांकडेही 15 टक्क्यांची सोय आहे, तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं), तर हातात 143 रुपयांच्या आसपास राहतात. कराचा नेमका हिशेब तुमच्या सीएकडून करून घ्या. म्हणजे महिन्याला 87 पालक. रोज 2,200 मुलं ॲप उघडतात आणि तुम्हाला महिन्याला 87 आईबाबा हवे आहेत, फक्त आजच्या जाहिरातींच्या जागी. एवढ्यासाठी दादाशी बोलणं टाकलंत.

करून बघायचं तर असं करा. स्वर सगळे मोकळे ठेवा, अ पासून अः पर्यंत, जाहिरातीशिवाय. व्यंजनं आणि बाराखडी पैसे दिल्यावर. आज ज्यांच्या फोनवर ॲप आहे त्यांच्याकडून काही काढून घेऊ नका. त्यांना जे मिळालं आहे ते राहू दे, नाहीतर एका रात्रीत एक-एक ताऱ्याचे शेरे येतील आणि ते बरोबरही असतील. खरेदीच्या दाराशी मुलाला ओलांडता येणार नाही अशी कडी हवी, पालकाने वाचून उत्तर द्यायचं असं काहीतरी. आणि त्या कडीच्या आत एक पान, मुलांसाठी नाही, पालकांसाठी. त्यावर साध्या मराठीत लिहा: आम्ही ठाण्यातले चौघे जण हे बनवतो, यात जाहिरात नाही, तुमच्या मुलाची कोणतीही माहिती आम्ही घेत नाही, किंमत एवढी, एकदाच. आठ आठवडे थांबा. नव्याने किती जणांनी ॲप घेतलं आणि किती जणांनी पैसे दिले, हे दोन आकडे स्टोअरच्या हिशेबातच मिळतात, त्यासाठी मुलांच्या मागे काही लावावं लागत नाही. ते वहीत लिहा. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत आहात, उशीर करू नका.

जाहिरात काढण्याचा आणखी एक फायदा आहे जो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. तुम्ही आयपॅडवर नाही आहात. ॲपलच्या मुलांच्या विभागात बाहेरच्या जाहिराती आणि माग काढणाऱ्या लायब्रऱ्यांवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे आजचं ॲप तिथे तसंच्या तसं जाणार नाही. बिनजाहिरातीचं जाईल. आणि तिथे कोण भेटेल? अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, शनिवार-रविवारी, आई-वडीलच शिक्षक. त्या पालकांना मुलाने ‘ळ’ काढायला शिकावं याची तुमच्या नौपाड्यातल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त तळमळ असते, हे जरा बोचरं आहे पण खरं आहे. ॲपलची वर्षाची फी 99 डॉलर. एखाद्या शाळेच्या शिक्षिकेला पत्र लिहायला तर काहीच लागत नाही. अर्थात तिकडे गेलात की मुलांच्या माहितीबाबतचा त्यांचा 1998 चा कायदाही तुम्हाला लागू होतो. माहितीच न घेणाऱ्याला त्याचं फारसं ओझं नाही.

एवढं सगळं जमलं तरी चार पगार त्यातून लगेच निघणार नाहीत. आजचा सगळा खर्च भागवायला दर महिन्याला 790 नवे पालक लागतील. आता मला महाप्याच्या कामाबद्दल बोलायचं आहे, आणि इथे मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे.

‘मजूर’. कोणी सांगितलं तुम्हाला हे? सानपाड्याला आम्ही आमच्या सीडीच्या जोडीला लोकांची लग्नाची आमंत्रणं ॲनिमेट केली, एका औषध कंपनीसाठी यकृत नाचवलं. त्या नाचणाऱ्या यकृताने आमची पाढ्यांची सीडी दोन वर्षं पोसली. मला आजही त्या यकृताची लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या एका कामाची. एका प्रकाशनसंस्थेचं नऊ महिन्यांचं काम आम्ही तोंडी बोलीवर घेतलं. आगाऊ थोडे मिळाले. मग ‘जरा एवढा बदल’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘बिल पुन्हा पाठवा, लेटरहेडवर’. दर मंगळवारी मी ट्रेनने जायची आणि त्यांच्या स्वागतकक्षातल्या माशांच्या टाकीसमोर बसायची. त्या टाकीत सात मासे होते. शेवटचा हप्ता आलाच नाही. दोष त्यांचा होता, पण कागद न करण्याचा मूर्खपणा माझा होता.

म्हणून बाहेरचं काम घ्या, मात्र हे काम या अटींवर घेऊ नका. पुन्हा पेन्सिल. नऊ लाखांचे 15 टक्के म्हणजे 1 लाख 35 हजार. तुमची शिल्लक 3 लाख 40 हजार. मिळून 4 लाख 75 हजार. महिन्याला लाखाने हे पावणेपाच महिने पुरेल. काम आहे सहा महिन्यांचं आणि त्यानंतर पैसे यायला आणखी दोन महिने. म्हणजे काम ठरल्याप्रमाणे झालं, कोणी आजारी पडलं नाही, एकही ‘जरा एवढा बदल’ आला नाही, तरी शेवटचे तीन महिने तुम्ही त्या दोन मुलांना पगार देऊ शकणार नाही. नऊ लाखांचं काम घेऊन तुम्ही बुडाल.

त्यांना सांगा, आगाऊ 30 टक्के आणि दर तीन गेमनंतर हप्ता. ‘बदल’ म्हणजे किती वेळा आणि किती, तेही कागदावर. आणि हे बोलायला जाण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. कोणी एजंट दोन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ती असली की सूक्ष्म-लघु उद्योगांचा 2006 चा कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो: करारात काहीही लिहिलं असलं तरी 45 दिवसांहून जास्त मुदत चालत नाही, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. त्यांचे 60 दिवस तिथेच गळून पडतात. थकलेली रक्कम ग्राहक कंपनीला आयकरात खर्च म्हणून तेव्हा दाखवताही येत नाही, त्यामुळे त्यांचा हिशेबनीसच तुमचं बिल आठवणीने काढेल. कायद्याने पैसे आपोआप येतात असं नाही. पण माशांच्या टाकीसमोर बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असतं.

राहिली ती अट, वापरलेलं सगळं त्यांचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. ‘(जोडाक्षरांसाठी दादाने चार महिने घालवले, ते वेगळंच.)’ ते वेगळं नाही हो! ज्यांनी गेममध्ये मराठी अक्षर टाकून बघितलेलं नाही त्यांना हे सांगायला हवं: गेम बनवायच्या युनिटीसारख्या साधनात ‘किल्ला’ लिहिलं की बऱ्याचदा वेलांटी क च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते, पाय मोडलेला ल एकीकडे आणि ला दुसरीकडे. बाजारातल्या कितीतरी ॲपमध्ये मुलं हे असंच बघतात. शिवाय बरेचसे फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, आपले नाही. राज्य सरकारने 2009 मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलं, तरी. आणि तुम्ही तर त्याच्या पुढे गेला आहात. ‘ज्ञ’ काढताना बोट कुठून सुरू व्हावं, कुठे वळावं, कुठे उचलावं, हे प्रत्येक अक्षरासाठी तुम्ही हाताने आखलं आहे आणि दादाने ते चालतं केलं आहे. रंग जुळवायचे 12 गेम कोणीही बनवेल. हे फार थोड्यांकडे असेल.

तेव्हा करारात वेगळं परिशिष्ट जोडा: गिरवण्याचं इंजिन, अक्षरांच्या आखण्या आणि रोहित पक्षी हे आधीपासून स्टुडिओचं आहे, त्याचा हक्क दिला जात नाही, हवा असेल तर वापरायचा परवाना मिळेल आणि त्याचे पैसे वेगळे. ते नाही म्हणाले तर रंगांच्या गेममध्ये यातली एकही ओळ वापरू नका. त्यांना मुळात रंगच हवे असतील तर अडणारही नाही. अडलं, तर त्यांना नक्की काय हवं होतं ते कळेल. आणि मग तीच गोष्ट पुस्तकं-वह्या काढणाऱ्या प्रकाशकांना, ज्यांना आपल्या अंकलिपीला ॲप जोडायचं आहे, त्यांना दाखवायला जा. पहिल्या तीन ठिकाणी ‘बघू’ म्हणतील.

या सगळ्यात एक भोक आहे आणि ते तुम्हाला दिसत नाही कारण ते घरातलं आहे. प्ले स्टोअरचं खातं कोणाच्या नावावर आहे? तुम्ही लिहिता, ‘दादाच्या जीमेलवर’. चित्रं तुमची, पण स्टुडिओला दिल्याचा कागद नाही. भागीदारीचा करार नाही. वडिलांचे 7 लाख कर्ज आहेत, बक्षीस आहेत की त्यांचा हिस्सा, हे कोणी विचारलेलं नाही. भावाबहिणीत कागद कशाला, असं वाटतं ना? आज दादाला काही झालं, देव न करो, किंवा तुमचं लग्न होऊन तुम्ही पुण्याला गेलात, तर रोहित पक्षी कोणाचा? साधी भागीदारी राहिली तर देणी घरादारापर्यंत येतात, एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर साधारणपणे गुंतवणुकीपुरती राहतात. चार माणसांच्या स्टुडिओला एलएलपीचा वर्षाचा कागदी खर्च जड जातो हेही खरं. सीएसमोर दोघांनी एकत्र बसा, एकट्याने जाऊ नका. कंपनीच्या नावाचं डेव्हलपर खातं काढायला डन्स क्रमांक, म्हणजे कंपनीची ओळख पटवणारा क्रमांक, लागतो, तो मोफत मिळतो पण वेळ लागतो, आणि जुन्या खात्यातून ॲप नव्यात हलवता येतं. हे महिनाभराचं काम आहे. चिडलेले असताना करायचं नाही, आणि चिडायच्या आधी करायचं होतं.

स्टुडिओ बंद करण्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही. पण शेवटच्या परिच्छेदात ‘माझ्या एका मैत्रिणीने वाशीतल्या जाहिरात एजन्सीत जागा आहे म्हणून सांगितलं’ असं सहज लिहिलं आहे. सहज कोणी असं लिहीत नाही. तुम्ही ती नोकरी घेतलीत आणि संध्याकाळी चित्रं काढलीत, किंवा दादा वर्षभर परत नोकरीला लागला आणि तुम्ही ॲप सांभाळलंत, तर तो स्टुडिओचा मृत्यू होत नाही. दोन मालकांचे मिळून 44 हजार तुम्ही उचलता असं लिहिलं आहे, त्यातला एक पगार बाहेरून आला तर खड्डा 22 हजारांनी कमी होतो. पण त्या दोन मुलांना आजच, स्पष्ट शब्दांत सांगा की ऑगस्टनंतरच्या पगाराची खात्री नाही. नवखा आहे तो प्रोग्रॅमर, त्याला नवी जागा बघायला दोन महिने मिळू देत. मी हे माझ्या वेळी केलं नव्हतं. आमच्या गाळ्यातल्या मुलाला महिनाअखेरीस कळलं, आणि तो काही न बोलता आपला डबा पिशवीत घालून गेला.

शेवटचं. पत्रात वहिनीचा उल्लेख फक्त एकदा आहे: ‘वहिनीची नोकरी आहे म्हणून दादाचं घर चालतं.’ तीन वर्षांहून जास्त काळ या स्टुडिओची सगळ्यात मोठी गुंतवणूकदार ती आहे आणि तुमच्या दोघांच्या भांडणात तिला जागाच नाही. येत्या रविवारी जेवायला जा. बाबांनाही बोलवा. जाहिरातींचा विषय तुम्ही काढू नका. एका कागदावर फक्त तीन ओळी लिहून न्या: किती उरले, कधी संपतात, आणि त्यानंतर प्रत्येक जण आणखी किती आणि किती दिवस द्यायला तयार आहे. वहिनीला आधी बोलू द्या. दादाला जाहिराती कशाला हव्या आहेत याचं उत्तर मला वाटतं तिथे मिळेल. चार वर्षांच्या मुलीच्या बापाला दुप्पट जाहिराती मनापासून आवडत असतील यावर माझा विश्वास नाही. बायकोपुढे दर महिन्याला काहीतरी आकडा ठेवायचा असणार त्याला.

आणि भाचीला तो फोन नव्या आवृत्तीसकट द्या, काही न सांगता. ती कुठे अडते ते बघा. ‘ळ’ची पहिली गाठ वळताना तिचं बोट घसरतं असं तुम्ही लिहिलं आहे. तिथली आखणी थोडी रुंद करायला हवी बहुतेक.